मागीलदारचे निळे हत्ती

किळस म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको. महाडला सरकारी दवाखान्यात मी नोकरीची सगळी वर्षं नर्स म्हणून काढली. पू, ओकाऱ्या, कोयता लागून आठवडाभर पाला बांधून ठेवलेले पाय, सगळं या हातांनी धुतलं आणि साबण लावून त्याच हातांनी डबा खाल्ला. नवीन पोरी नाकाला रुमाल लावायच्या तेव्हा मी त्यांना दटावायची, "माणसाचं आहे, माणसानेच पुसायचं." मोठी शहाणी! निवृत्त होऊन आम्ही दोघं सासरच्या घरी राहायला आलो, पोलादपूरहून उमरठकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या वाडीत, आणि पहिल्याच सकाळी मी मागचं दार उघडलं. उघडलं आणि लावून घेतलं. चहा तसाच मोरीत ओतला.

घर एकच, भिंत घालून दोन केलेलं. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला माझी थोरली जाऊ. थोरले दीर वारल्यावर ती एकटीच, दोन्ही मुलगे मुंबईला. शेती तीच बघते, आमच्या वाट्याचीसुद्धा. पुढचं अंगण दोघींचं वेगळं, सारवलेलं, तुळशीपुढे रांगोळी. मागीलदार मात्र सामाईक. आणि सामाईक म्हटलं की आपल्याकडे त्याचं काय होतं हे काय सांगायला हवं? दोन्ही न्हाण्यांचं पाणी तिथे साचून त्यावर हिरवी-काळी साय धरलेली. कोंबडीची पिसं, माशांची खवलं, विंचरून गुंडाळलेल्या केसांचे बोळे, गणपतीच्या मखराचं थर्माकोल, गुटख्याच्या पुड्या. घरातलं नको ते सगळं मागच्या दारातून हात लांब करून भिरकावायचं, आणि दार लावलं की ते जगात नाही. असा हिशेब.

आमच्या यांना म्हटलं, "अहो, हे काय आहे?"

"मागीलदार आहे," हे म्हणाले. "पूर्वीपासून असंच आहे."

पूर्वीपासून केळीची सालं आणि राख पडत असेल हो, प्लास्टिक कुठे पडत होतं? पण यांच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीशी बोलणं. त्या वर्षी मीही नाकाला पदर लावून दिवस ढकलले. मागचं दार बंद ठेवायचं, एवढाच उपाय.

मग मे महिन्यात माझी लेक नातीला घेऊन आली. लेक नवी मुंबईत असते, एकुलती एक. नात तेव्हा नुकती दुडुदुडु चालायला लागली होती. दोन दिवस घर कसं भरून गेलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही आंबे कापत बसलो होतो, मागचं दार कोणीतरी उघडं टाकलेलं, आणि पोरगी गेली बाहेर. धप्प आवाज झाला. मी धावले तर ती न्हाणीच्या त्या सायीत बसलेली, कमरेपर्यंत काळी, हसतेय, आणि मुठीत काहीतरी धरून तोंडाकडे नेतेय. मी मूठ उघडली. कोंबडीचं आतडं होतं, आणि त्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या.

लेक तिथेच भिंतीला धरून ओकली. मी पोरीला उचललं, धुतलं, परत धुतलं, तोंडात बोट घालून बघितलं. काही गेलं नव्हतं, नशीब. पण लेकीने ते ऐकूनच घेतलं नाही. संध्याकाळपर्यंत बॅग भरून झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत बसताना ती मला म्हणाली, "आई, हा उकिरडा आहे. हे स्वच्छ होईपर्यंत मी हिला इथे आणणार नाही. तू रडलीस तरी नाही."

मी रडले नाही. मला तिचा राग आला नाही, लाज वाटली. नर्सबाईंच्या घरात पोराच्या मुठीत अळ्या! शी! मी ठरवलं, पुढच्या मे महिन्यात माझी नात याच मागीलदारी अनवाणी खेळेल. बस्स.

आमच्या यांचा उपाय सोपा होता. सगळं सपाट करायचं, वरून सिमेंटचा कोबा, वाटलं तर रंगीत फरश्या. "पाइप मारला धुऊन टाकलं," म्हणाले. धुऊन कुठे टाकलं? खालच्या ओढ्यात, तिथून सावित्रीत, आणि पावसाळ्यात नदी फुगली की तेच सगळं महाडच्या बाजारपेठेत लोकांच्या घरात. पुरानंतरचा तो गाळ मी दवाखान्यात फावड्याने ओढलाय. त्याचा वास अजून नाकातून जात नाही. म्हटलं, कोबा नको. इथली घाण इथेच जिरली पाहिजे आणि तिचं काहीतरी चांगलं झालं पाहिजे. मोबाइलवर लोक दाखवतात ना, घरामागची बाग, पाणी वाया नाही, औषध नाही, खत विकतचं नाही, तसं करायचं. मी एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आखून काढलं. न्हाणीचं पाणी खडी आणि वाळूतून गाळून कर्दळीत, तिथून अळवात, तिथून केळीला. मधे चार लांबट वाफे. कुंपणाला अडुळसा आणि निरगुडी, म्हणजे गुरं तोंड लावणार नाहीत.

पण आधी उपसायला हवं होतं. दिवाळीनंतर पदर खोचला, दवाखान्यातले उरलेले हातमोजे घातले आणि सुरू केलं. बाप रे बाप! वरचा थर काढला की खाली अजून एक थर, खाली गेलं की जुनी वर्षं निघतात. चपला. तुटलेल्या कंगव्यांचे दात. मलमाच्या ट्यूबा. दारूच्या चपट्या बाटल्या निघायला लागल्या तेव्हा मी विचारलं, "या कोणाच्या हो?" तर यांनी चष्मा काढून पुसायला घेतला, आणि इतका पुसला की काच झिजायचीच बाकी.

आणि डायपर. ते बघून मात्र माझा संयमच सुटला. फुगलेले, फाटलेले, कुत्र्यांनी ओढून केळीच्या बुडात नेलेले, आतला तो चिकचिकीत गोळा बाहेर आलेला. बाकी सगळं सडतं, काळं पडतं. या डायपरांना काही होत नाही. एवढा पावसाळा खाऊनसुद्धा त्यांच्यावरचे निळे हत्ती जसेच्या तसे. एकावर एक हत्ती, सोंड वर करून हसताहेत.

जाऊबाई त्यांच्या मागच्या पायरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी चिमट्यात एक धरला आणि त्यांच्यापुढे नाचवला.

"बघा, जाऊबाई! तुमच्या मुंबईच्या सुनांचे प्रताप! गणपतीला यायचं, मोदक खायचे आणि हे टाकून जायचं. आयाबापांनी काही शिकवलं नाही का यांना?"

जाऊबाईंनी वर बघितलं. काहीतरी बोलणार होत्या. मग सुपात परत हात घातला आणि म्हणाल्या, "जाऊ दे गो. टाक तिकडं नि हात धू."

बघा, बोलायला तोंड नाही, असं मला वाटलं. मला तेव्हा फार बरंसुद्धा वाटलं, खोटं कशाला बोलू? घाण कोणाची ते एकदा कळलं की निम्मी साफ झाल्यासारखी वाटते.

वाडीत कचऱ्याची गाडी येत नाही. पोती भरभरून ओळखीच्या टेम्पोतून पोलादपूरला पाठवली, त्या टेम्पोवाल्याची बोलणी सहन केली. मग महाडहून खडी आणली, चर खणला. कर्दळ लागली, अळू लागलं. आठ-दहा दिवसांत साय नाहीशी झाली. दारात उभं राहून श्वास घेतला तर नुसता ओल्या मातीचा वास. आमचे हेसुद्धा तिथे खुर्ची टाकून पेपर वाचायला लागले, जसं काही ते सगळं यांनीच केलं.

वाफ्यांवर माझा फार जीव. चारी वाफ्यांवर खाली शेण पसरलं, त्यावर बारीक फांद्या तोडून घातल्या, त्यावर गळलेल्या पानांचा पातेरा, त्यावर सुकं गवत, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वरून माती भुरभुरवली. पावसापर्यंत ते तसंच झाकून ठेवायचं, खाली गांडुळं काम करतात, जमीन लोण्यासारखी होते, मग रोपं लावायची, असं त्या मोबाइलमधल्या बाई सांगत होत्या. मी रोज सकाळी एका कोपऱ्यात हात घालून बघायची. गार, ओलसर, आणि खरोखर गांडुळं! मला, मेलीला, गांडुळांचं कौतुक वाटायला लागलं. लेकीला फोटो पाठवले. तिचं उत्तर आलं, "बरं दिसतंय. बघू मे महिन्यात." बघू तर बघू. मी तेवढ्यावर खूश.

होळी होऊन गेल्यावर महाडला माझ्या भाचीचं लग्न होतं. आम्ही दोघंही दोन दिवस गेलो. परत येताना एसटीतून उतरलो आणि आमच्या घरामागे धूर. मी पिशव्या यांच्या गळ्यात टाकल्या आणि पळत सुटले.

चारी वाफे धगधगत होते. जाऊबाई हातात ओली डहाळी घेऊन कडेकडेने उडत्या ठिणग्या मारत होत्या, तोंड लाल, पदर डोक्याला बांधलेला. मला बघून हसल्या. हसल्या हो!

"आलीस? तुझा राब भाजला गो मी. कवळ सुकून कुरकुरीत झालेला नि तू काय हात लावीनास. म्हटलं हिला जमायचं नाय. आज वारा पन बरा हाय. केळीला पानी मारून घेतलं, भिऊ नको."

राब! आमच्याकडे भाताची रोपं करायची ती जागा आधी भाजून घेतात, त्याला राब म्हणतात. खाली शेण, त्यावर तोडलेल्या डहाळ्या, म्हणजे कवळ, त्यावर पातेरा, त्यावर गवत, वर मातीची भुरभुर, आणि चैत्राच्या आसपास वाऱ्याचा अंदाज घेऊन पेटवून द्यायचं. तण जळतं, राख मुरते, रोप जोमाने येतं. अक्षरशः तेच थर, त्याच क्रमाने. इथे जन्म काढलेल्या कुठल्याही बाईने माझे वाफे बघून हेच म्हटलं असतं, की राब रचलाय आणि भाजायला वेळ झालाय. हे मला आज कळतं. तेव्हा मला नुसती जळकी गांडुळं दिसत होती. पाणी द्यायची नळी वितळून काळा गोळा झाली होती आणि तिचा तो घाणेरडा वास घशात उतरत होता. केळीची अर्धी पानं करपून लोंबत होती.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओरडले, "तुम्हाला घाण करता येते नि जाळता येतं! तिसरं काही येतं का तुम्हाला?"

जाऊबाईंच्या हातातली डहाळी खाली आली. भर उन्हात, आगीपाशी, त्या वयात, एकटीने माझं काम उरकलं होतं त्यांनी. त्या आत गेल्या आणि मागच्या दाराची कडी लावल्याचा आवाज आला.

त्या दिवसापासून अबोला. त्या पायरीवर बसायच्या बंद झाल्या. मी समोरून गेले की त्या गोठ्यात. आमचे हे म्हणाले, "अगं, राख वाईट नसते." मी म्हटलं, "मग भातावर घालून खा." मागीलदारी चार काळे चौकोन पडले होते. स्मशानात जाऊन आल्यासारखं वाटायचं. तिकडे बघितलं की वाटायचं, आता लेक येईल, दारात उभी राहील, नाक मुरडेल आणि पोरीला कडेवरून खाली न ठेवता परत गाडीत बसेल. दिवाळीपासून उपसलेली घाण, ते हातमोजे, ती टेम्पोवाल्याची बोलणी, सगळं फुकट.

मे महिन्यात लेक आली. मी दार उघडून दिलं आणि बाजूला झाले. ती उंबऱ्यावर उभी राहिली. हुंगलं तिने, कुत्र्यासारखं. मग म्हणाली, "अरे वा, आई! किती मोकळं, किती स्वच्छ केलंयस!"

स्वच्छ! माझी बाग जळून राख झालेली तिला स्वच्छ वाटली. कर्दळीकडे तिने बघितलंसुद्धा नाही. मला हसावं की रडावं कळेना. पण नात तिच्या हातातून सुटली आणि थेट राखेत. धप्पकन बसली, दोन्ही मुठी भरून डोक्यावर उधळली. मी लेकीच्या तोंडाकडे बघत राहिले. जीव मुठीत.

"राख तर आहे," लेक म्हणाली. "भांडी घासतात ना हिने?" आणि मोबाइलवर फोटो काढायला लागली.

आठ दिवस राहिल्या! पोरगी सकाळी उठली की मागीलदारी. तिथे तिला जाऊबाई सापडल्या. माझ्याशी अबोला असला तरी पोरीशी कसला? मागच्या दाराची कडी निघाली. एके दिवशी जाऊबाईंनी सूपभर भात आणलं आणि माझ्या वाफ्यांमध्ये, मला न विचारता, पेरायला घेतलं. आमच्याकडे पावसाआधी सुक्या मातीतच पेरून ठेवतात. नात त्यांच्यामागून, इवल्या मुठीत दाणे घेऊन, अर्धे वाफ्यात, अर्धे स्वतःच्या केसात. "असं नाय गो बाय, हात असा फिरव." मी दारातून बघत होते. मी अबोलीची रोपं लावणार होते ती जागा. पण मी पेरू दिलं.

लेक आल्याआल्याच मी तिला मागच्या दारापाशी ठेवलेला झाकणाचा डबा दाखवला होता. "पोरीचं काय असेल ते यात टाक. मी पोलादपूरला पाठवते." ती "हो गं" म्हणाली होती. पोरगी आता मोठी झाली होती, फक्त झोपताना आणि प्रवासात डायपर लागायचा.

निघायच्या सकाळी जावयाने गाडी अंगणात लावली. सामान भरून झालं. मी मागे अळवाची पानं काढत होते, त्यांच्याबरोबर द्यायला. मागचं दार उघडलं. लेक आली, एका हाताने मोबाइल कानाला, दुसऱ्या हातात पांढरी घडी. डबा तिच्या पायाशी होता. तिने हात लांब केला आणि घडी केळीच्या बुडाकडे भिरकावली. दार लावलं. गेली.

मी अळवाची पानं हातात घेऊन उभी. घडी उलगडून पडली होती, आणि तिच्यावरचे निळे हत्ती सोंड वर करून माझ्याकडे बघत होते.

मी काही बोलायच्या आत जाऊबाई त्यांच्या दारातून बाहेर आल्या. हातात दोन काटक्या. सवयीने वाकल्या, काटक्यांमध्ये घडी धरली. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वरडू नको हां. पोर म्हायेराला आल्ये. गेल्या सालीबी मीच उचलले. सगळे नाय गावले, कायकाय कुत्र्यांनी नेले नि मातीखाली गेले."

अबोल्यानंतरचं त्यांचं हे पहिलं वाक्य. आणि तेव्हा माझ्या डोक्यात पडला उजेड. जाऊबाईंची नातवंडं कधीच शाळेत जायला लागली होती. त्यांच्या घरात डायपरचं पोर होतंच कुठे? मी त्यांच्या सुनांच्या नावाने चिमटा नाचवला, आयाबापांनी काही शिकवलं का म्हणून विचारलं, तेव्हा या माउलीला उत्तर माहीत होतं. आणि तिने मला हात धुवायला सांगितलं.

अंगातून अशी शिसारी गेली म्हणून सांगू! त्या आतड्याने आली नव्हती, अळ्यांनी आली नव्हती. "टाका तो खाली," मी म्हटलं.

"गो, सोन्यासारखी पोर निघाली हाय. कशाला..."

"तुम्ही गप बसा, जाऊबाई. खाली टाका."

मी पुढच्या अंगणात गेले. नात खिडकीतून हात हलवत होती. लेकीचा एक पाय गाडीत. मी म्हटलं, "मागे ये जरा."

"आई, उशीर होतोय."

"ये म्हटलं ना."

ती आली. मी बोट दाखवलं. तिने बघितलं, मग जाऊबाईंच्या हातातल्या काटक्या बघितल्या. तोंड लाल झालं तिचं. "आई, एक तर आहे. गावात काय, कुठेही... मी नंतर..."

"पुढच्या मे महिन्यात पोरीला इथे आणायचं असेल तर ते उचल. हाताने. आणि गाडीत घालून घेऊन जा."

"शी, आई!"

"शी तर शी. उचल."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी तिची कोणी नव्हेच. मग वाकली. दोन बोटांत धरून, हात अंगापासून लांब ठेवून, मान फिरवून चालत गेली. डिकी उघडली, आपटली. मला वाकून नमस्कार करते नेहमी, तो केला नाही. गाडी रस्त्याला लागली. नातीचा हात वळणापर्यंत हलत होता.

जाऊबाई माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या होत्या. "नाय यायची गो ती आता," म्हणाल्या.

"नाही आली तर नाही आली," मी म्हटलं, आणि अळवाची पानं हातात तशीच धरून, भर अंगणात, मला रडू फुटलं.